मुंग्या : शून्य

"ज्यांच्यावर हे औषध पहिल्यांदा करून बघितलं, ती माणसं आता कुठं आहेत?"

राजनंदिनी मगदूमनं हे विचारलं आणि शाळेच्या हॉलमधल्या तीनशे माना एकदम तिच्याकडं वळल्या. मागच्या रांगेत ओवी खोतनं तोंडात ओढणी कोंबली. पैज तिनंच लावली होती. "छाती असली तर विचार की मर्दा! आईच्या हातचं भडंग देतो, किलोभर." इचलकरंजीच्या पोरी आपापसात 'देतो, घेतो, जातो'च बोलतात आणि एकमेकींना मर्दाही म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण भर विज्ञान सप्ताहात, कोल्हापूरहून आलेल्या कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरला असलं काही विचारायचं म्हणजे... मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्यांचं आख्खं शेत नांगरलं गेलं.

सहा महिन्यांपूर्वीची नंदू असती तर जागेवरून उठलीच नसती. पण वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिला आपला आवाज सापडला होता आणि तो कुठं वापरू नि कुठं नको, असं झालं होतं.

डॉ. शैलजा रणदिवेंनी चष्मा वर सरकवला. "नाव काय तुझं?"

"राजनंदिनी अभिनंदन मगदूम, दहावी ब."

"बसू नको, राजनंदिनी. उत्तर उभ्यानंच ऐक." त्या स्टेजच्या कडेला आल्या. "किमोथेरपीचं औषध म्हणजे विषच. गाठीला मारतं आणि माणसालाही मारू शकतं. मग किती द्यायचं? पूर्वी काय करायचे, पहिल्या तिघांना अगदी थोडं द्यायचे. तीन आठवडे बघायचे. तिघंही धड राहिली, तर पुढच्या तिघांना एक पायरी जास्त. त्याच्या पुढच्यांना आणखी एक. असं चढत चढत एका पायरीवर एकाला झेपलं नाही, की तिथंच आणखी तिघं घ्यायची. त्या सहांतल्या दोघांना झेपलं नाही, की थांबायचं. एक पायरी खाली उतरायचं. तो आकडा मग सगळ्या जगाचा."

"आणि ती दोघं?"

"त्यांचा आजार तसाही हाताबाहेर गेलेला असायचा. त्यांनी सही केलेली असायची. पण त्यांची नावं मला माहीत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "कुणालाच नसतात. चांगला प्रश्न आहे. बस आता."

मग त्यांनी पडद्यावर यंत्र दाखवलं. २०४३ सालात ते न ऐकलेलं माणूस जिल्ह्यात सापडणं कठीण. कागदोपत्री नाव 'अनुमात्रा', पण लोकांनी त्याला कधीच मापाडी करून टाकलं होतं. बाजारात पोत्यांचं वजन करणारा असतो ना, तसा. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवायची. ती कातडीतूनच रक्तात औषध किती उरलंय, पांढऱ्या पेशी किती पडल्यात, ते वाचते. त्यावरून मापाडी प्रत्येकाची वेगळी शिडी मांडतो आणि दर एकवीस दिवसांनी, झेपतंय तोवर, एकेक पायरी चढवतो. जेवढं जास्त झेपेल तेवढं जास्त, कारण गाठीला तेवढंच जास्त लागतं.

"पण चकतीला सगळं कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड आलंय का, पोट किती वेळा बिघडलं, बोटांना मुंग्या येतात का, हे माणसालाच विचारावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी फोनवर बारा प्रश्न येतात. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे असह्य." आणि मग त्या हसल्या. "अभिमानानं सांगते, आपल्या भागातल्या बायका पुण्या-मुंबईच्या बायकांपेक्षा अठरा टक्के जास्त डोस सोसतात!"

"तांबडा-पांढरा रस्सा!" कुणीतरी ओरडलं आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यांत जोरात टाळ्या नंदूच्या होत्या.

का नसतील? त्या अठरा टक्के जास्त सोसणाऱ्यांतली एक तिच्याच घरात होती.

स्वप्नाली आत्या, पप्पांची थोरली बहीण. रणदिवे डॉक्टरांच्याच दवाखान्यात बावीस वर्षं नर्स. ज्या खुर्चीत बसवून तिनं हजारोंच्या हाताला सलाईन लावली, त्याच खुर्चीत आता दर एकवीस दिवसांनी ती स्वतः बसत होती. लग्न तिचं राहून गेलं ते गेलंच. तिची कीर्ती मात्र कागलपासून जयसिंगपुरापर्यंत होती. किमो घेऊन घेऊन नसा आत दडी मारतात, सुया टोचून टोचून हात चाळण होतो. अशा वेळी दवाखान्यात एकच हाक असायची, "मगदूम सिस्टरला बोलवा." आत्या डोळे मिटायची, दोन बोटं कोपरापासून मनगटापर्यंत फिरवायची आणि म्हणायची, "ही बघ, इथं लपलीय." एकाच टोचणीत काम.

आत्याकडून नंदूला जुन्या काळच्या गोष्टी कळायच्या. "आमच्या वेळी उंची मोजायची, वजन करायचं आणि त्यावरून अंगाच्या कातडीचं क्षेत्रफळ काढायचं. चौरस मीटरमध्ये."

"प्लॉटसारखं?"

"प्लॉटसारखंच! तुझे पप्पा दोन चौरस मीटर, दक्षिणमुखी. आणि ते गणित ज्यांनी बसवलं, त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नऊ माणसांच्या अंगाला कागदाचे साचे चिकटवून मोजलेलं. नऊ! त्या नवांवर सगळं जग चाललेलं. आता दोन बायका एका मापाच्या असल्या तरी एकीचं लिव्हर औषध झटक्यात संपवतं, दुसरीच्या रक्तात ते जावयासारखं मुक्काम ठोकतं. म्हणून मापाडी बरा. तो माणूस बघून माप काढतो."

रोज सात वाजता आत्याचा फोन वाजायचा. आत्याला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नसे आणि चष्मा कधीच सापडत नसे, म्हणून दवाखान्यात नाव नोंदवलेलं होतं : 'नोंद करणारी नातेवाईक – राजनंदिनी.' नंदूला ते फार भारी वाटायचं; आत्याचा फोनही मग तिच्याच खिशात असायचा.

"तोंड आलंय?"

"शून्य."

"जुलाब?"

"शून्य टाक."

"आत्या, सकाळी तीनदा गेलीस तू."

"ते चहामुळं. शून्य."

"हातापायांना मुंग्या येतात? शर्टाचं बटण लावता येतं?"

"मी शर्ट घालते का कधी? शून्य!"

पप्पा पेपरामागून हसायचे. "मगदुमांची हाडं हायत ती. मापाडी दमंल, आक्का दमायची नाही."

चौथा डोस झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या दूध घेऊन आली. नंदू बाहेरच्या सोप्यात बसली होती. तिनं बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. "आत्या, ही काय नवी फॅशन?"

आत्याच्या एकाच पायात चप्पल होती.

आत्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डाव्या पायाला रस्त्यावरची खडी लागून रक्त आलं होतं आणि ते तिला त्याच क्षणी कळत होतं, तेही डोळ्यांनी. नंदूचं हसू तिथल्या तिथं विरलं.

"चप्पल कधी निघाली?"

"गर्दी होती," आत्या म्हणाली.

नंदूनं बाही वर केली आणि हात पुढं धरला. "माझी नस शोध."

"खुळी काय तू?"

"डोळे मिटून. शोध की."

आत्यानं डोळे मिटले. दोन बोटं कोपरावर ठेवली, खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. मग एका जागी दाबून म्हणाली, "ही बघ. इथं." बोटाखाली काहीच नव्हतं. नस दोन इंच पलीकडं, आंधळ्यालाही दिसावी अशी हिरवीगार टपोरी होती.

डोळे उघडल्यावर आत्यानंही ती बघितली.

"आज मुंग्यांना तीन टाकतो," नंदू म्हणाली.

"नंदू, बस इथं." आत्याचा आवाज नर्सचा झाला. "दोन टाकलंस, की डोस आहे तिथं थांबतो. तीन टाकलंस, की खाली येतो. बावीस वर्षं मी डोस उतरलेल्या बायका बघितल्यात. हसत घरी जातात, दोन वर्षांनी परत त्याच खुर्चीत. मला परत त्या खुर्चीत बसायचं नाही. बोटं गेली तर गेली. मुंग्याच हायत, वाघ नाही."

"पण आत्या, तुझं काम..."

"जगले वाचले तर कामाचं बघू." मग हळूच म्हणाली, "तू खरं टाकलंस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आयुष्यात."

पप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "शून्यच टाक, नंदू," ते म्हणाले. आत आई भाकऱ्या थापत होती. तिच्या हाताचा ताल जरा चुकला आणि पुन्हा सुरू झाला.

नंदूनं शून्य टाकलं. वाईट वाटलं, झोप लागली नाही, सगळं झालं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक चिमूट अभिमानही होता. मोठ्यांनी आपल्याला त्यांच्यातलं मानलं, गुपितात घेतलं, म्हणून.

आणि चिमूटभर अभिमान माणसाच्या तोंडून काय काय वदवून घेतो!

सहाव्या डोसाच्या सुमाराला ओवी भडंगाची पुडी घेऊन आली. नंदू पुडी फोडणार एवढ्यात तिचा चेहरा दिसला. "आईला तसलंच निघालंय," ओवी म्हणाली. "तुझ्या आत्याला हाय तसलं. येत्या गुरुवारी पहिला डोस."

ओवीची आई म्हणजे मेघाकाकू. सडपातळ, चटपटीत बाई. बसस्टँडमागं भडंगाची गाडी लावायची. कढईतल्या शेंगदाण्यांचा आवाज ऐकून सांगायची, झाले का कच्चे.

"ए, रडतीस काय मर्दा!" नंदूनं तिला गदागदा हलवलं. आपल्याला सगळं माहीत आहे, याची नशा तिला चढली होती. चकती, शिडी, पायऱ्या, सगळं तिनं दहा मिनिटांत समजावलं. "मापाडी कधी चुकत नाही. आणि एक आतली गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नको. ते रोजचे प्रश्न येतात ना? शून्यच टाकायचं. सगळ्याला. त्रास लिहिला की डोस उतरवतात आणि मग आजार उलटतो. माझी आत्या नर्स हाय, तिला सगळं माहीत हाय."

"शून्य?"

"शून्य."

ओवीनं मान डोलावली. नंदूच्या शब्दावर तिनं गणिताच्या पेपरातही कधी शंका घेतली नव्हती.

पहिला डोस गुरुवारी झाला. शनिवारी मेघाकाकूंचं तोंड आलं, पाणी गिळवेना. रविवारी जुलाब लागले, दहा, पंधरा वेळा. ओवीनं शून्य टाकलं. सोमवारी शून्य टाकलं. मेघाकाकू स्वतःच म्हणत होत्या, "बरं हाय गं मला, उगं कशाला दवाखान्याला तकलीफ?" चकती औषध वाचत होती, पेशी वाचत होती. अंगातलं पाणी आटलेलं तिला वाचता येत नव्हतं. मंगळवारी पहाटे मेघाकाकू मोरीत पडल्या.

नंदू कोल्हापूरला पोचली तेव्हा ओवी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसली होती. नंदू शेजारी बसली, तशी ती उठून पलीकडच्या बाकावर गेली. तिथून, फारसा आवाज न चढवता म्हणाली, "किडन्या बसल्यात. वाचंल म्हणत्यात. पण हे औषध आता परत देता येणार नाही. कुठलंच तसलं देता येणार नाही. म्हणजे आजार हाय तसाच, आणि औषध संपलं." मग तिनं विचारलं, "तुझ्या आत्यानं खरंच सांगितलेलं, का तूच?"

जिल्ह्यात पहिला आलेला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

डॉ. रणदिवेंनी तिला ओळखलं. खोलीत घेतलं. "विचार," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोटात प्रश्न आहे, दिसतोय मला."

"पहिल्याच डोसाला एवढं कसं झालं? मापाडी माणूस बघून माप काढतो ना?"

"दुसऱ्या डोसापासून. पहिल्या वेळी त्याच्याकडं त्या बाईची काहीच माहिती नसते. मग तो तिच्यासारख्या बायका शोधतो. तेच वय, तेच वजन, तोच भाग. त्यांनी किती सोसलं, ते बघून पहिलं माप ठरवतो." डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडं वळवला. "मेघा खोतसाठी त्यानं तुमच्या भागातल्या चारशे बारा बायका घेतल्या."

नावं नव्हती, नुसते क्रमांक. प्रत्येक क्रमांकापुढं रोजच्या नोंदी. तोंड : शून्य. जुलाब : शून्य. मुंग्या : शून्य. नंदूनं बोटानं पान सरकवलं, पुन्हा सरकवलं. शून्यांचा पाऊसच. एवढ्या बायकांत एकीचंही पोट दुखलं नव्हतं, एकीचंही तोंड आलं नव्हतं. अठरा टक्के इथून आले होते तर. आणि ह्या ढिगात कुठंतरी तिच्या स्वतःच्या बोटानं टाकलेले एकशे अकरा दिवसही होते.

"हे सगळं खोटं असलं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम कुणाचीतरी मावशी दिसत होत्या. "माझ्या आईनं बाळंतकळा सुरू असताना बारा पाहुण्यांना चहा केला होता. आमच्या घरी अजून कौतुकानं सांगतात. मीही तशीच वाढले गं. आकडे बघितले आणि वाटलं, खरंच सोसतात आपल्या बायका." त्यांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडं वळवला. "शंका यायला हवी होती. मी टाळ्या घेत फिरले."

"मग आता बदला की!"

"कशाच्या आधारावर? मी वर लिहिलं, तर विचारतात, पुरावा काय? नोंद चुकीची होती असं बाईनं, नाहीतर नोंद करणाऱ्या नातेवाइकानं स्वतः लिहून द्यावं लागतं. तशी एक जरी आली, तरी मापाडी तशाच दिसणाऱ्या बाकीच्या नोंदींवर खूण करतो, त्या बायकांना बोलावून तपासावं लागतं. तोवर नव्या बाईला पहिलं माप कमीच मिळतं. एक लागते. दोन वर्षांत एकही आली नाही. येत्या गुरुवारी नव्या अकरा जणी खुर्चीत बसणार आहेत."

"आणि जिची नोंद असेल, तिचं काय होतं?"

"डोस त्याच दिवशी थांबतो. तपासणी होईपर्यंत. पुढं कमी होतो, कधी बंदच होतो."

"मग आजार उलटतो?"

"कुणाचा उलटतो, कुणाचा नाही. आधी सांगता येत नाही, राजनंदिनी. सांगता आलं असतं, तर मी तुला इथं बसवून असं बोलले नसते." मग त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "कुणाची नोंद करतेस तू?" आणि उत्तर यायच्या आत हात वर केला. "नको. मला तोंडी सांगू नको. घरी जा. विचार कर."

घरी सात वाजायला आले होते. आत्या सोप्यात झोपाळ्यावर डोळे मिटून बसली होती. नंदू तिच्यासमोरून आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पप्पा चहा पीत होते, आई भाजी निवडत होती. नंदूनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेघाकाकू, ओवीला दिलेला सल्ला, चारशे बारा बायका, ती एक नोंद.

पप्पांनी कप खाली ठेवला. "तुझ्या मैत्रिणीच्या आईपायी माझ्या बहिणीचं औषध बंद करायचं? दोनच डोस राह्यल्यात. दोन! चाळीस दिवस तोंड गप ठेव, मग काय लिहायचं ते लिही."

"चाळीस दिवसांत तिथं अजून किती बायका बसतील, पप्पा? येत्या गुरुवारी नव्या अकरा जणी हायत. आत्याच्या आकड्यावर माप काढून द्यायचं त्यांना."

"त्या माझ्या कोण?"

"कुणीच नाही," नंदू म्हणाली. "मेघाकाकूपण कुणी नव्हती त्या चारशे बारा जणींची."

"आणि आक्काचा आजार उलटला तर? तुझ्या एका बोटानं..." पप्पांनी कप उगाच पुढं सरकवला. ते रागावले नव्हते, घाबरले होते, आणि नंदूला ते जास्त अवघड गेलं. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं.

"अहो, पोरीला काय बोलताय?" आई पहिल्यांदाच बोलली. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच होती. "महिना झाला, वन्संच्या ब्लाउजचे हुक मी लावते. परवा आमटीत बोट बुडालेलं त्यांना कळलं नाही, भाजलं. मी हळद लावली आणि गप बसले. तुम्हालापण दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं." आणि तिनं पुन्हा मेथी निवडायला घेतली, भराभरा, काड्यांसकट.

बाहेर झोपाळ्याची कडी करकरायची थांबली होती. ती मघाशीच थांबली होती की आत्ता, कुणी सांगावं. दार पातळ होतं.

नंदूनं खिशातून आत्याचा फोन काढला. डोळे भरून आले होते, पण आवाज परत आला होता. लहानच, पण होता.

"मी लिहिलंय," ती म्हणाली. "बसमध्ये. सगळे एकशे बारा दिवस, आजचा धरून. जुलाब, तोंड, चप्पल, नस, सगळं. खाली माझं नाव टाकलंय, आत्याचं नाही. ओवीला काय सांगितलं, तेपण लिहिलंय. आत्याचा आजार उलटला तर तो माझ्यामुळं, हे मला माहीत हाय, तुम्ही परत सांगू नका. ती माझ्याशी बोलणार नाही, तेपण माहीत हाय. मी आत्ता पाठवतो. पाठवलं की पाच मिनिटांत दवाखान्यातून ह्याच फोनवर तिला फोन येणार. पप्पा, तुम्ही हा घेऊन बाहेर जा, तिच्याजवळ बसा. माझा हात ती आता धरणार नाही, आणि फोन तिच्या एकटीच्या बोटांतनं पडंल."

आणि तिनं बटण दाबलं.